शेवटून दुसरं रीळ

३ मार्च

धाकट्या,

तुझा सिनेमा शुक्रवारी लागला आणि तेव्हापासून एकही खेळ सोडलेला नाही. डोअरकीपरच्या नोकरीत पगार बेताचाच, पण सिनेमा पोटभर मिळतो. सुरुवात तेवढी दिसत नाही, कारण उशिरा येणाऱ्यांना टॉर्चनं खुर्च्या दाखवायच्या असतात. शेवटही दिसत नाही, कारण तेव्हा दारं उघडायची असतात. मधल्या मारामाऱ्या मात्र मला तोंडपाठ आहेत.

पिवळ्या शर्टातला तूच ना? हिरोनं तुला जिन्यावरून फेकलं, तू खोक्यांच्या ढिगावर आदळलास आणि तिथून खिडकीची काच फोडून बाहेर. बाल्कनीतून शिट्ट्या आल्या. मी शेजारच्या खुर्चीवरल्या माणसाला सांगितलं, "तो फुटला ना, तो माझा भाऊ." तो बिचारा उठून दुसरीकडे जाऊन बसला.

कौतुक झालं, आता बोलणी ऐक. तू फार लवकर पडतोस. ठोसा गालाजवळ यायच्या आत तुझे पाय हवेत. मार खाणाऱ्या माणसाला खाली पडायची एवढी हौस नसते रे. तो पडत नाही. तो भिंत धरतो, टेबल धरतो, मारणाऱ्याचाच शर्ट धरतो, पण उभा राहतो. कारण पडलं की लाथा सुरू होतात. आणि तू तोंडावर हात घेतोस तेही खोटं. हात कानांवर जातात. कानावर बसलेली दिवसभर वाजत राहते.

तुझे भाऊजीही रविवारी बघून गेले. त्यांची सवय तुला माहीत आहे. खलनायक मारत असतो तोवर खुर्चीच्या टोकावर, आणि त्याला मार बसायला लागला की उठून सिगरेट ओढायला बाहेर. "पुढे काय होणार ते ठाऊक आहे," म्हणतात. त्यांनी आजवर एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नसेल. म्हणजे आमचा जोडा अगदी शोभून दिसतो.

पत्र घरी पाठवू नकोस, थेटरवर पाठव. पेटीवाला दर गुरुवारी सिनेमाच्या रिळांच्या पेट्या घेऊन येतो, त्याच्याकडेच दे. घरी आलेलं पत्र हे आधी फोडतात. चिमणी बरी आहे, आता शाळेत जाते.

तुझी,
ताई


१९ मार्च

ताईसाहेब,

तू तर मास्टरांची मास्टर निघालीस! तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी गोदामात शूटिंग होतं. हिरोनं ठोसा मारला, मी पडलोच नाही. खांब धरला. त्यानं दुसरा मारला, मी त्याची कॉलर धरली. तो बिचकला, विसरला आणि खरोखर मारून बसला. दात हलला माझा. पण आमचे फाइट मास्टर खुर्चीतून उठून आले. म्हणाले, "गादी, हे कुठे शिकलास?" इथे मला गादी म्हणतात हे तुला सांगितलं होतं ना? गादी न घालता पडतो म्हणून. मी म्हटलं, माझी बहीण डोअरकीपर आहे, तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

आता मास्टरांनीच विचारायला सांगितलंय. पुढच्या सिनेमात खलनायक बायकोला केस धरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओढत नेतो. हिरॉइनच्या जागी आमची काडी आहे. नावासारखीच काटकुळी, पण दोन मजल्यांवरून उडी मारून वर चहा मागते. तिचं म्हणणं, अशा वेळी बाई काय करेल हे तिला सुचत नाही, कारण तिचे केस धरायची कुणाची छाती झालेली नाही. तू एवढे सिनेमे पाहिलेस. तुला काय वाटतं?

सविस्तर लिही. तुझ्या जिवावर तुझा भाऊ मोठा होतोय.

तुझा,
गादी


२ एप्रिल

धाकट्या,

काडीला सांग, मारणाऱ्याला बोचकारायला जाऊ नकोस. दोन्ही हात आपल्याच डोक्यावर जातात. त्याचं मनगट घट्ट धरून आपल्या टाळूवर दाबायचं, म्हणजे मुळं कमी ओढली जातात. पाय फरफटू द्यायचे नाहीत, त्याच्या पावलांबरोबर भरभर टाकायचे. लांबून बघणाऱ्याला वाटेल दोघं घाईनं कुठेतरी निघालेत.

आणि ती ओरडणार नाही. सिनेमातल्या बाया एवढ्या किंचाळतात की मला हसू येतं. शेजारी ऐकतील, पोर जागं होईल, म्हणून बाई ओठ दातात धरते. आवाज होतो तो भांड्यांचा.

अजून एक. सगळं झाल्यावर तो काय करतो, हे कुठल्याच सिनेमात दाखवत नाहीत. तो हसत नाही, दारूची बाटलीही उघडत नाही. हात धुतो, पाटावर बसतो आणि म्हणतो, "भूक लागली." आणि ती वाढते. हात थरथरतो म्हणून दोन्ही हातांनी वाढते.

हे मला थेटर झाडणाऱ्या मावशीनं सांगितलं. तिच्या शेजारी एक बाई राहते, तिचं.

मधे चार दिवस कामावर नव्हते. दाढ सुजली होती. मॅनेजर म्हणाला, गाल फारच सुजलाय, दुसऱ्या बाजूचीही दाढ आहे का? मी म्हटलं, दाढांचं काय, एकीला बघून दुसरी.

तुझी,
ताई


१४ ऑगस्ट

ताई,

बातमी अशी आहे की आता मी मास्टरांचा असिस्टंट झालोय. तुझ्या त्या पत्रावर!

सीन जसाच्या तसा घेतला. काडी ओरडली नाही, भरभर पावलं टाकत गेली. खलनायकानं हात धुतले, पाटावर बसला आणि म्हणाला, "भूक लागली." लाइटवाले खाली बघत होते. मेकअपवाली रडायलाच लागली.

थोडं श्रेय माझंही आहे. मारायच्या आधी खलनायकानं काहीतरी करायला हवं होतं, पब्लिकच्या लक्षात राहील असं. ते मला सुचलं. तो मनगटावरचं घड्याळ काढतो, बायकोच्या हातात देतो आणि थंडपणे म्हणतो, "धर. दोन्ही हातांनी धर. पडलं तर बघ." मग मारायला लागतो. तिला हात वर करता येत नाहीत, घड्याळ जपायचं असतं ना! मास्टरांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, गादी, तुझ्या डोक्यात सैतान आहे.

सप्टेंबरात तुमच्याकडे लागेल. भाऊजींना नक्की दाखव, त्यांना आवडेल. आणि तू सगळं लिही, काहीही हातचं न राखता.

तुझा,
असिस्टंट गादी


९ सप्टेंबर

धाकट्या,

सिनेमा लागला. घड्याळाला शिट्ट्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून पोरं बाहेर पायऱ्यांवर एकमेकांना म्हणत होती, "धर. पडलं तर बघ." हसत होती.

हे तीनदा बघून गेले.

तिसऱ्या दिवशी घरी आले. चिमणीला दुसऱ्या खोलीत पाठवलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि तुझं वाक्य बोलले. अगदी तुझ्या खलनायकासारखं, थंडपणे. यांचा आवाज एरवी चढतो. तो चढला नाही, म्हणूनच मी जास्त घाबरले.

घड्याळ पडलं नाही. मी धरून ठेवलं. दोन बरगड्या गेल्या असाव्यात, वाकले की श्वास अडकतो. नंतर यांनी घड्याळ मागून घेतलं, कानाशी लावलं, चालू आहे बघून खूश झाले आणि म्हणाले, भूक लागली.

मावशीच्या शेजारी कुणी राहत नाही रे. दाढही सुजली नव्हती. तू काहीही हातचं न राखता लिही म्हणालास, म्हणून लिहिते. मी तुला जे जे शिकवलं ते अंगावर शिकलेलं होतं. पण घड्याळ माझं नव्हतं. ते तू दिलंस.

मी रागावलेली नाही. खोटं कशाला, रागावले आहे. पण रागवायला माझ्याकडे तू एकटाच आहेस.

ताई


३० सप्टेंबर

धाकट्या,

तू आलास हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेही मावशीकडून, पानवाल्यानं तिला सांगितलेलं.

यांच्या बस डेपोत शिरून, सगळ्या मेकॅनिकांसमोर, यांना बसच्या टपावरून खाली ओढून मारलंस. नाक फोडलंस. खरी मारामारी असूनही म्हणे सिनेमासारखी दिसत होती, लोक गोल करून उभे होते. पोलिसांनी तुला धरलं, रात्रभर बसवलं, कागदावर सही घेतली आणि पुन्हा या गावात पाऊल टाकलंस तर आत टाकू म्हणून गाडीत बसवून दिलं. मी तेव्हा टॉर्च घेऊन लोकांना खुर्च्या दाखवत होते, तिथून चार गल्ल्यांवर.

तू आधी माझ्याकडे यायला हवं होतंस. चिमणीला शाळेतून घेतलं असतं आणि तिघं निघालो असतो. यांना काही तासांनी कळलं असतं. पण तू फाइटवाला. तुला आधी खलनायक दिसतो.

तुझा सीन संपला, माझा राहिला होता. मारामारी केली म्हणून डेपोनं यांना काढून टाकलं. आता हे दिवसभर घरी असतात. चिमणीची शाळा बंद केली, तिला नजरेआड होऊ देत नाहीत. बाहेर जायचं तर तिला आत ठेवून कुलूप लावतात, किल्ली यांच्या खिशात. मला कामावर सोडतात कारण आता माझ्याच पगारावर घर चालतं. पोर त्यांच्यापाशी आहे म्हणजे मी परत येणार हे त्यांना माहीत आहे. मी चौकीत गेले होते. साहेब म्हणाले, तुमचा तो भाऊच गुंड आहे, आधी त्याला आवरा.

आता हे केस धरत नाहीत. नरडं धरतात. एका हातानं भिंतीला लावतात, टाचा उचलल्या जाईपर्यंत. दर वेळी थोडं जास्त धरतात. डोळ्यांसमोर काळं येतं, पडद्यावर रीळ संपताना येतं तसं. मला भीती याची वाटते की एखाद्या दिवशी सोडायचं विसरतील.

तू शंभर सिनेमांत असा भिंतीला लागलास आणि सुटलास. कसं सुटायचं ते सांग. मला रडणारा भाऊ नको, फाइट मास्टर हवा आहे.

ताई


११ ऑक्टोबर

ताई,

रडणं झालं. ते तुला सांगत नाही.

पत्रातून सांगता येत नाही. मी चार कागद फाडले. उजवा हात असा, डावा पाय तसा, वाचून काही कळत नाही, आणि अर्धवट कळलं तर तू मरशील. हे डोळ्यांनी बघून आणि पुन्हा पुन्हा बघून अंगात उतरतं. मी असाच शिकलो, दुसऱ्यांना पडताना बघून.

मास्टरांचा गुडघा फुटलाय, पुढच्या सिनेमाची फाइट माझ्याकडे आली आहे. निर्मात्याला घड्याळ पुन्हा हवंय, पब्लिक मागतंय म्हणतो. मी नाही म्हणणार होतो. मग हो म्हटलं. स्वयंपाकघरात नवरा बायकोला नरड्याला धरून भिंतीला लावतो आणि ती सुटते. मास्टरांनी हे आठ तुकड्यांत घेतलं असतं. मी एका तुकड्यात घेणार. कॅमेरा हलणार नाही, डोक्यापासून पावलापर्यंत दोघंही पूर्ण दिसतील. कॅमेरामन म्हणतो, हे काय नाटक आहे का? मी म्हटलं, हो.

मारणारा मीच, पाठमोरा. काडी तुझ्या जागी, केस तोंडावर सोडून. तिला सगळं सांगितलंय. ती एवढंच म्हणाली, तुझ्या ताईची उंची किती?

म्हणून विचारतो. उंची, भाऊजींचीही. कोणता हात, अंगठा कुठे येतो, भिंत कोणती, दार कुठल्या बाजूला, पायाशी काय असतं. माझ्या स्वयंपाकघराचा सेट तुझ्या मापाचा बांधतो.

तोवर त्यांना चिडवू नकोस. मला माहीत आहे, हे सांगणं किती फालतू आहे.

धाकटा


२० ऑक्टोबर

धाकट्या,

मी यांच्या खांद्याला लागते. उजव्या हातानं धरतात. अंगठा माझ्या उजव्या कानाखाली, बाकीची बोटं डावीकडे. पाठीमागे मोरीच्या बाजूची भिंत. तिथे खिळा आहे, त्याला गाळणी असते, ती डोक्यात रुतते. दार माझ्या डावीकडे, दोन पावलांवर. उजवीकडे ओटा, ओट्यावर शेगडी, शेगडीवर पाण्याची किटली. पायाशी चिमणीच्या सपाता, नेहमी मधोमध काढते.

घड्याळ दोन्ही हातांत, छातीशी.

काडीला म्हणावं, भीती खोटी दाखवू नकोस. डोळे मोठे होत नाहीत. एका जागी लागतात. मी गाळणीची सावली बघत असते.

चिडवू नकोस म्हणालास. काल भाजीत मीठ बरोबर पडलं होतं, तर "आज बरोबर कसं पडलं" म्हणून झालं. हसावं की काय करावं!

ताई


५ जानेवारी

ताई,

सिनेमा या शुक्रवारी तुमच्याकडे. शेवटून दुसऱ्या रिळात आहे. माझ्याकडे बघू नकोस, फक्त काडीकडे बघ.

पहिल्यांदा घड्याळ बघ. ती ते उजवीकडे, ओट्याच्या दिशेनं सोडते. फेकत नाही, सोडते. पडणाऱ्या वस्तूकडे माणसाचा डोळा जातोच, मी किती ठरवलं तरी प्रत्येक टेकला माझा गेला. आणि ते घड्याळ त्याचं लाडकं आहे. दुसऱ्यांदा तिची हनुवटी बघ, छातीशी येते. तिसऱ्यांदा उजवा हात, सरळ वर, कानाला घासून. चौथ्यांदा पावलं. ती दाराकडे वळते आणि सगळं अंग वळतं. जोर हाताचा नाही, वळण्याचा आहे. तिचा खांदा माझ्या मनगटावर येतो, अंगठा आधी सुटतो. मग उलट फिरताना कोपर. ते नाकावर.

मी काडीला खरं मारायला सांगितलं आणि मीही खरं धरलं. माझं नाक दोनदा मोडलं, तिच्या गळ्यावर अजून काळं आहे. खोटं करून तुला पाठवण्यात अर्थ नव्हता. शेवटच्या टेकला मी डोळे मिटून भाऊजींसारखा धरत होतो आणि तिनं मला असं हाणलं की मला आनंद झाला.

एकच काळजी. तेही बघतील.

पेटीवाल्याशी बोललोय. सिनेमा उतरेल त्या गुरुवारी मॅटिनीचा शेवटचा खेळ सुटल्यावर तो पेट्या न्यायला येईल तेव्हा गाडीत मागे तुमच्या दोघींपुरती जागा ठेवील. कुठे सोडायचं ते तू त्यालाच सांग, मला सांगू नकोस. माझा पत्ता भाऊजींना माहीत आहे.

धाकटा


१६ जानेवारी

धाकट्या,

बघते आहे. प्रत्येक खेळाला. मागून कुणी टॉर्च मागितला तरी हलत नाही.

पहिल्या दिवशी काही दिसलंच नाही. आमचं स्वयंपाकघर एवढं मोठं पडद्यावर, खिळ्याला गाळणी, मधोमध सपाता, आणि लोक शेंगदाणे खात बघतायत. मी पडद्याकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी घड्याळ दिसलं. आता पावलांपर्यंत आले आहे.

दुपारच्या रिकाम्या वेळात थेटरात मावशी माझं नरडं धरते. आधी तिला रडू यायचं, हात लावेना. मग मी दोनदा तिचा हात पिरगळला, तेव्हा चिडली आणि आता अशी धरते की बस. काल तिचं कोपरच निखळायचं राहिलं. म्हणाली, "मला काही झालं तर खुर्च्या तूच झाड."

तू काळजी करतोस, पण तू यांना प्रेक्षक म्हणून ओळखत नाहीस. मी ओळखते. हे अजून फिरकले नाहीत, तुझं नाव पाटीवर बघून थुंकले. पण घड्याळाची बातमी कानावर गेली आहे. येतील. आणि नरडं धरेपर्यंत बसतील.

काडी उत्तम. एवढंच, की ती मारायच्या आधी खोल श्वास घेते. नरडं धरल्यावर श्वास कुठला? बाकी चूक काढायला जागा नाही.

ताई


११ फेब्रुवारी

धाकट्या,

आम्ही दोघी सुखरूप आहोत. कुठे ते लिहीत नाही. पेटीवाला हे पत्र तुला हातात देईल आणि कुठून आणलं हे सांगणार नाही, त्यानं चिमणीच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलंय.

जे झालं ते क्रमानं सांगते. तुझ्यासारख्याला फाइट अर्धवट सांगितलेली चालायची नाही.

शेवटच्या गुरुवारी हे मॅटिनीला आले. चिमणी घरात, बाहेरून कुलूप. मी दारात उभी होते. शेवटून दुसऱ्या रिळात घड्याळ निघालं तसे हे खुर्चीच्या टोकावर आले. तू काडीला भिंतीला लावलंस, टाचा उचलल्या, आणि हे मांडीवर थाप मारून उठले. खिशातून सिगरेट काढत माझ्याजवळून गेले. "तुझा भाऊ मार खाण्यात वाया गेला," म्हणाले, "डोकं आहे त्याला." दार लोटून बाहेर पडले. पाठीमागे काडीनं घड्याळ सोडलं आणि थेटर ओरडलं. यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

मॅटिनी सुटल्यावर मी घरी जाते हे त्यांना माहीत होतं. वाटच बघत होते. मी चहाची किटली शेगडीवर ठेवली. पाण्याला उकळी आली तेव्हा यांनी दाराला आतून कडी घातली, घड्याळ काढलं. "धर."

मी धरलं. पहिले दोन फटके खाल्ले, कारण नरडं धरल्याशिवाय तुझी फाइट सुरू होत नाही. मग हात आला. अंगठा उजव्या कानाखाली. गाळणी डोक्यात रुतली. काळं यायला लागलं आणि मी तू शिकवलेलं सगळं विसरले. खरंच सांगते. एक पाऊलही आठवेना. फक्त हातातलं घड्याळ जड लागत होतं, म्हणून सोडून दिलं.

ते फरशीवर पडलं. यांनी तिकडे बघितलं. आणि माझं अंग माझ्या आधी वळलं.

कोपर नाकावर नाही, दातांवर बसलं. माझ्या कोपराला अजून त्यांच्या दाताची खूण आहे. पण धाकट्या, ते पडले नाहीत. तू काडीच्या माराला तीन पावलं मागे जाऊन पडतोस, हे पडले नाहीत. त्यांनी ओटा धरला. रक्त हनुवटीवरून शर्टावर येत होतं आणि दुसरा हात माझ्याकडे येत होता. मी किटली उचलली आणि पाण्यासकट खांद्यावर मारली. हाड मोडल्याचा आवाज आला. तुमच्या सिनेमात तो फार मोठा असतो. खरा आवाज पेन्सिल मोडल्याएवढाच.

तरी पडेनात. भिंत धरली, मोरीचा कठडा धरला, माझा पदर धरला. उकळतं पाणी पाठीवरून ओघळत होतं तरी उभे. मला कळेना, हा माणूस पडत का नाही? मग त्यांचे डोळे बघितले. एका जागी लागले होते. माझ्या पायाकडे.

त्यांना वाटत होतं, पडलं की लाथा सुरू होतात.

आणि मी सुरू केल्या. पदर ओढून घेतला तसे ते बसले, आणि मी लाथ मारली. मग आणखी मारल्या. मोजल्या नाहीत. मला बरं वाटत होतं, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगायचं? इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मग बघितलं तर खोलीच्या दारात चिमणी उभी. ओरडत नव्हती. तिनं ओठ दातात धरले होते.

तेव्हा पाय थांबला.

यांच्या खिशातून किल्ली काढली, पोरीला उचललं, बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली गटारात टाकली. थेटराच्या मागच्या दारी गाडी उभी होती. तुझ्या सिनेमाच्या पेट्यांवर बसून आलो. मावशीनं माझा टॉर्च मॅनेजरच्या टेबलावर ठेवला आणि काही माहीत नाही म्हणाली.

हे जिवंत आहेत. पेटीवाल्यानं पाहिलंय, हात गळ्यात बांधून चहाच्या टपरीवर बसतात, जिन्यावरून पडलो म्हणून सांगतात. कुणाला विश्वास बसत नाही, पण कुणी विचारतही नाही. मला सांगायचे ना, दाढ सुजली म्हण. आता त्यांचीही सुजली.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. तुझी फाइट चांगली होती, तिनं मला वाचवलं. पण ते घड्याळ पुन्हा कुठल्याही सिनेमात घालू नकोस. निर्माता पाया पडला तरी घालू नकोस. मी इतकी वर्षं अंधारात प्रेक्षकांकडे बघत उभी राहिले आहे. प्रत्येक थेटरात एकजण असतो, जो अर्धा बघून उठतो आणि घरी जातो. त्याच्या बायकोला तुझ्यासारखा भाऊ नसेल.

इथेही एक थेटर आहे. काल चिमणीला घेऊन गेले, तिकीट काढून, खुर्चीवर. लहान मुलांचा सिनेमा होता, एका हरवलेल्या कुत्र्याचा. मधेच कुणीतरी त्या कुत्र्याला काठी मारली तशी चिमणीनं दोन्ही हात कानांवर घेतले. तोंडावर नाही, कानांवर. मी तिला म्हटलं, जायचं का घरी? तिनं मान हलवली. म्हणाली, "शेवटपर्यंत बघू."

शेवट आला तेव्हा सवयीनं मी दारं उघडायला उठले होते. पोरीनं हात धरून खाली बसवलं. दारं तिथल्या बाईनं उघडली.

तुझी,
ताई